चार खुर्च्या जास्तीच्या

माझ्या हातून आयुष्यात चुका झाल्या नाहीत असं मी म्हणणार नाही. पण ज्या झाल्या त्या सगळ्या रीतसर झाल्या. फॉर्म भरून, खाली सही करून, तारीख घालून. खुर्च्यांच्या त्या प्रकरणातसुद्धा माझं अक्षर इतकं सुवाच्य होतं की मागाहून 'मला तसं म्हणायचं नव्हतं' म्हणायला जागाच उरली नाही.

परदेशात नोकरी करणारी आपली माणसं दोन तऱ्हेची असतात. पॅकेजवाली आणि पगारवाली. दोघंही एकाच लिफ्टनं वर जातात आणि एकाच यंत्रातली कॉफी पितात, त्यामुळे लांबून फरक कळत नाही. पॅकेजवाल्याला कंपनीनं तिकडून मुद्दाम पाठवलेलं असतं. त्याला घर मिळतं, घरात सामान मिळतं, गाडी मिळते, पोरांची फी मिळते आणि वर्षातून एकदा सगळ्या कुटुंबाला विमानाचं तिकीट मिळतं. पगारवाल्याला पगार मिळतो. मी पगारवाला. इमारतींमधल्या पाण्याच्या पाइपांचे नकाशे काढतो. जाहिरात बघून मी आपण होऊन अर्ज केला होता आणि पगाराचा आकडा घरच्या पैशात गुणून सगळ्या नातेवाइकांना फोन केले होते. इथं आल्यावर कळलं की इथला पाव इथल्याच पैशात घ्यावा लागतो, तिथं गुणाकाराचा काही उपयोग नाही.

ऑफिसची मंडळी महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी बाहेर जेवायला जातात आणि बिल समान वाटून घेतात. हे मला आधी माहीत नव्हतं. म्हणून मी पहिल्या महिन्यात पोट बिघडल्याचं सांगून फक्त सूप मागवलं, आणि त्या सूपासाठी दुसऱ्यांच्या माशांचे पैसे भरले. पुढच्या महिन्यात मासा मागवावा, तर सगळ्यांनी इतक्या काळजीनं पोटाची चौकशी केली की पुन्हा सूपच सांगावं लागलं. तेव्हापासून दोन वर्षं माझं पोट दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी बिघडत होतं. साहेबांनी मला एका डॉक्टरांचा पत्तासुद्धा दिला होता.

असो. मुद्दा खुर्च्यांचा.

आमच्या घरात माणसं तीन आणि खुर्च्याही तीन. हा माझ्या बायकोचा नियम. जे सुटकेसमध्ये मावत नाही ते घ्यायचं नाही, कारण जाताना त्याचं काय करायचं? दोन वर्षांत मी एका कपाटापाशी, एका टेबलापाशी आणि एकदा रस्त्याच्या कडेला कुणीतरी फुकट ठेवलेल्या आरामखुर्चीपाशी मिनिटभर रेंगाळलो, आणि तिन्ही वेळा पाठीमागून आवाज आला, "जाताना काय करायचं त्याचं?" आमचं जेवणाचं टेबल म्हणजे माझा नकाशे काढायचा फळा, दोन ट्रंकांवर आडवा टाकलेला.

पॅकेजवाल्यांपैकी एकांना आम्ही दादा म्हणतो. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे, मनानं सरळ. त्यांनी एकदा विचारलं, "काय रे, घर लावून झालं का?" आता ऐन कॉफीच्या यंत्रापाशी, चार माणसांच्या देखत, काय सांगायचं? मी म्हणालो, "आम्हाला मोकळं घर आवडतं, दादा. मुद्दामच सामान ठेवत नाही." दादा भारावले. त्यांनी वहिनींना सांगितलं, वहिनींनी बाकीच्या तीन पॅकेजवाल्या घरी सांगितलं, आणि ऑफिसात माझी कीर्ती साध्या राहणीचा आणि उंची अभिरुचीचा माणूस अशी झाली. झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ झाकलेली ठेवायची तर कुणाला घरी बोलावता येत नाही, एवढीच एक अडचण होती. चारही घरी आम्ही पोटभर जेवून आलो होतो आणि निघताना 'आता एकदा तुम्ही या' हे वाक्य जिना उतरताना खोकून टाळलं होतं.

एके संध्याकाळी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "ठकीच्या शाळेचा पुढच्या वर्षाचा फॉर्म आलाय. महिनाअखेर द्यायचाय."

ठकी म्हणजे आमची मुलगी, वय वर्षं नऊ.

"मग देऊ की."

"मी नाही देणार."

मी नकाशातून डोकं वर काढलं.

"दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "चार घरी जेवलो, एकालाही 'या' म्हटलं नाही. या इमारतीत बत्तीस घरं आहेत, त्यातलं एकही माणूस मला ओळखत नाही. परवा ठकीला विचारलं, वाढदिवसाला कुणाला बोलवायचं. तर म्हणते, आपल्याकडं कुठं कोण येतं! मी आणि ठकी परत जातो. तू तुझे पाइप काढून सावकाश ये."

ती भांडली असती तर मला काही वाटलं नसतं. भांडणात माझा हात कुणी धरणार नाही. पण ती हे टॉवेलची घडी घालता घालता, आवाज न चढवता म्हणाली. मला खरोखर भीती वाटली. त्या तीन खुर्च्यांपैकी दोन रिकाम्या आणि एकीवर मी, असं चित्र डोळ्यांपुढं आलं.

"पुढच्या शनिवारी," मी म्हणालो, "चारही घरं आपल्याकडं जेवायला."

"बसतील कुठं?"

"ते माझ्यावर सोड."

"तुझ्यावर सोडलं होतं म्हणून तर इथं आलो," ती म्हणाली आणि पुढचा टॉवेल घेतला.

दुसऱ्याच दिवशी मी खोलीचा नकाशा काढला. चौदा फूट बाय अकरा. पाहुणे आठ, आम्ही तीन, एकूण अकरा. तीन खुर्च्या वजा जाता हव्यात आठ. समोरच्या दारात बसवाला राहतो. तो शहराच्या बसगाडीचा ड्रायव्हर, स्वतःही कुठून तरी लांबून आलेला, आणि जगातल्या कुठल्याही विषयावर त्याच्याकडं सल्ला आणि एक मेहुणा तयार असतो. (त्याचं-माझं बोलणं अर्थातच इथल्या भाषेत होतं. ते मी मराठीत सांगतोय. त्या भाषेत मी इतका हजरजबाबी नाही.)

"विकत कशाला घेतोस?" तो म्हणाला. "तळमजल्यावरच्या हॉलमध्ये चाळीस खुर्च्या धूळ खात पडल्यात. रहिवाशांना फुकट. केअरटेकरकडं फॉर्म असतो."

फुकट या शब्दानं माझ्या पायांना नेहमीच गती येते. केअरटेकर हा शांत, सभ्य आणि अतिशय नियमबद्ध माणूस. त्यानं फॉर्म दिला. नाव, मजला, तारीख मी भरभर लिहिलं. पुढचा रकाना होता: किती खुर्च्या? पेन आठ लिहायला टेकलं आणि तिथंच अडलं.

माझ्या वडिलांनी उभ्या आयुष्यात मोजून पान मांडलं नाही. दहा माणसं यायची असली की चौदा पानं मांडायची. 'ऐनवेळी कुणी आलं तर?' हा त्यांचा प्रश्न, आणि ऐनवेळी कुणीतरी यायचंच. माणूस दारात आणि पान कमी, यासारखी नामुष्की नाही, हे मला बाराखडीच्या आधी शिकवलेलं. मी आठ खोडलेसुद्धा नाहीत, कारण लिहिलेच नव्हते. सरळ, ठसठशीत बारा लिहिले.

केअरटेकरनं आकडा पाहिला, मग माझ्याकडं पाहिलं. "दहाच्या वर म्हणजे मेळावा. माझ्या हातात नाही. नगर कार्यालयात जावं लागेल, खिडकी क्रमांक सहा."

शहाण्या माणसानं तिथंच बाराचे आठ केले असते. मीही म्हणालो, "मग आठच द्या." पण फॉर्मला क्रमांक पडला होता. तो रद्द करायचा तर वेगळा फॉर्म, आणि रद्द व्हायला कामकाजाचे चौदा दिवस. शनिवार नऊ दिवसांवर आलेला.

खिडकी क्रमांक सहामधल्या मॅडमच्या टेबलावर एकही कागद वाकडा नव्हता. अशा माणसांविषयी मला व्यावसायिक आदर आहे.

"बारा खुर्च्या," त्या म्हणाल्या. "माणसं किती?"

"आठ."

"आठ माणसांना बारा खुर्च्या कशाला?"

"चार जास्तीच्या."

"कुणासाठी?"

"ते अजून माहीत नाही. ऐनवेळी कुणी आलं तर."

मॅडमचं पेन थांबलं. "म्हणजे कुणीही येऊ शकतं?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण वडिलांचा विषय निघाल्यासारखं झालं, आणि मी छाती पुढं काढून म्हणालो, "आमच्याकडं दारात आलेल्या माणसाला नाही म्हणत नाहीत."

"छान," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे सार्वजनिक कार्यक्रम." आणि शिक्का मारला.

आपल्याच तोंडानं आपण एवढं शिक्कामोर्तब करून घेतल्याचं दुसरं उदाहरण मी तरी पाहिलं नाही. मी खासगी, घरगुती, अत्यंत घरगुती, असे सगळे शब्द वापरून पाहिले. उपयोग नाही. सार्वजनिक कार्यक्रमाला विषय लागतो. मी 'जेवण' म्हणालो. जेवण हा विषय होऊ शकत नाही, त्याची नोंद 'सोयी'त झाली. शेवटी मॅडमनीच छापील यादीतून 'परस्पर परिचय' हा विषय काढून दिला. शिवाय सुरक्षेसाठी एक प्रमाणपत्रधारक स्वयंसेवक हवा. तो शोधायला दोन दिवस जातील असं वाटलं होतं, पण बसवाल्याकडं प्रमाणपत्रही निघालं आणि नारिंगी जाकीटही. वर म्हणाला, "तू नशीबवान आहेस. माझ्या मेहुण्याला स्वयंसेवक मिळाला नाही म्हणून त्याचं लग्न दोन महिने लांबलं होतं."

सोमवारी संध्याकाळी ठकी धावत वर आली. तिला इथली भाषा आमच्यापेक्षा चांगली वाचता येते आणि ती हे लपवत नाही.

"बाबा, खाली फलकावर आपल्या घराचा नंबर आहे!" आणि तिनं पाठ केल्यासारखं म्हणून दाखवलं, "शनिवारी सायंकाळी सहा वाजता. चौथा मजला. परस्पर परिचय. भोजनासह. सर्व रहिवाशांचं स्वागत."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. लग्नाला बारा वर्षं झाली. त्या बघण्याचं भाषांतर करायची गरज नव्हती.

"बत्तीस घरं," ती म्हणाली.

"सगळे थोडेच येणार? इथली माणसं अशी कुणाच्या घरी येत नाहीत."

"आणि आली तर?"

"चार खुर्च्या जास्तीच्या आहेत," मी म्हणालो. हे बोलायला नको होतं.

फलकावरचा सरकारी कागद फाडणं हा गुन्हा. पण त्यावर एखादा शब्द वाढवणं हा गुन्हा आहे असं कुठं लिहिलेलं नव्हतं. मी जेवणानंतर खाली गेलो, दोरीला बांधलेलं एक पेन फलकाच्या खिळ्याला अडकवलं (उभ्यानं लिहिताना पेन खाली पडलं तर जिन्याखाली जातं, हा माझा अनुभव) आणि 'भोजनासह'च्या पुढं 'जागा अतिशय मर्यादित' असं लिहायला लागलो. 'जागा' एवढं लिहून झालं आणि मागून काठीचा आवाज आला. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या (ही बसवाल्याची माहिती). आम्ही घरात त्यांना गणितआजी म्हणायचो, तोंडावर अर्थातच काही म्हणायचो नाही, कारण कधी बोललोच नव्हतो.

"अरे वा," त्या म्हणाल्या, "जागा राखायला नाव इथंच लिहायचं का?" आणि माझ्या हातातलं पेन घेऊन त्यांनी 'जागा' या शब्दाखाली नाव लिहिलं. पुढं एक आकडा घातला. "मी एकटीच आहे. म्हणजे एक."

मी "हो" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? दारात आलेल्या माणसाला, अगदी फलकाच्या दारात आलेल्या माणसाला, नाही म्हणायची आमच्याकडं पद्धत नाही. गडबडीत पेन तिथंच लटकत राहिलं. गुरुवारपर्यंत त्या कागदावर सत्तावीस माणसांची नावं लागली, आणि खाली गणितआजींनी बेरीज करून रेघ मारली होती. म्हणजे पॅकेजवाले आठ आणि हे सत्तावीस. घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं!

आता बायको चिडेल, रडेल, निदान मला दोन दिवस उपाशी ठेवेल, अशी माझी तयारी होती. झालं भलतंच. तिनं यादीचा फोटो काढला, कमरेला ओढणी खोचली आणि म्हणाली, "पस्तीस माणसं आणि आपण तीन. आपल्याकडं पातेली दोन. चल ठकी." आणि दोघी निघाल्या भांडी मागायला. ठकी दुभाषी. तळमजल्यापासून आठव्या मजल्यापर्यंत एकेक दार वाजवत गेल्या. एका घरातून हंडीएवढं पातेलं, दुसऱ्यातून झारे, तिसऱ्यातून बावीस ताटल्या. परत यायला दोन तास लागत, कारण प्रत्येक घरी बसायचा आग्रह होई. मी मधल्या काळात फळ्यावर वीस पटीनं लहान असा बैठकीचा नकाशा काढला आणि सिद्ध केलं की अडतीस माणसं त्या खोलीत मावतात, फक्त त्यांतल्या नऊ जणांना एका पायावर उभं राहावं लागेल. बायकोनं नकाशा पाहिला आणि त्यावर बटाटे चिरायला घेतले. चिरताना ती गुणगुणत होती. दोन वर्षांत मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं, आणि हे तेव्हा लक्षात आलं म्हणून मला माझीच लाज वाटली.

शनिवारी चार वाजता केअरटेकर दारात. हातात कागद, खुर्ची एकही नाही.

"मंजुरी आली," तो म्हणाला. "पण बारा खुर्च्यांची. नावं सत्तावीस आहेत. नियमाप्रमाणे सार्वजनिक कार्यक्रमात माणशी एक खुर्ची हवी, नाहीतर व्यवस्था अपुरी धरतात. अपुऱ्या व्यवस्थेला हॉलच्या खुर्च्या देता येत नाहीत."

"म्हणजे जास्त माणसं आहेत म्हणून कमी खुर्च्या?"

"कमी नाही. एकही नाही." त्याला मनापासून वाईट वाटत होतं. "मी स्वतः येतोय सहाला. माझं नाव सतरावं आहे."

मी जिन्यात बसलो. आठ पॅकेजवाले उंची अभिरुची बघायला येणार, आणि मी त्यांना फरशीवर बसवणार. माझं नाक दोन वर्षं वर होतं, ते आता सत्तावीस साक्षीदारांसमोर कापलं जाणार होतं. बसवाला नारिंगी जाकीट चढवून बाहेर आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, खांद्यावर हात ठेवला आणि खाली गेला. मला वाटलं, सहानुभूती. तो फलकाच्या खाली मोठ्या अक्षरांत 'आपापली खुर्ची आणावी' असं लिहायला गेला होता.

पावणेसहाला जिन्यात खडखडाट सुरू झाला. लिफ्टमध्ये एका वेळी दोनच खुर्च्या मावत होत्या, म्हणून मंडळी जिन्यानं येत होती. कुणी स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं, कुणी घडीची खुर्ची, कुणी चाकं लावलेली ऑफिसची खुर्ची, जी तिसऱ्या मजल्यावरून एकदा सुटून परत दुसऱ्यावर गेली. बसवाल्यानं शिट्टी वाजवून वाहतूक अडवली. गणितआजींच्या खुर्चीचा एक पाय आखूड होता. त्यांनी तो किती आखूड आहे ते मोजून तेवढ्याच जाडीची वही बरोबर आणली होती. खोली पहिल्या दहा मिनिटांत भरली. मग दार उघडं टाकून खुर्च्या जिन्याच्या मधल्या जागेत गेल्या, तिथून बसवाल्याच्या घरात गेल्या. माझा नकाशा बटाट्यांच्या सालांबरोबर केव्हाच कचऱ्यात गेला होता.

बरोबर सहाला दादा, वहिनी आणि बाकीची तीन जोडपी आली. दादा कोटात. बसवाल्यानं हात आडवा केला. "खुर्ची कुठंय?"

मी गर्दीतून वाट काढत पोचलो तोवर दादा कोटाची बटणं चाचपत होते, जणू खुर्ची खिशात विसरली असावी. त्यांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. ट्रंका, फळा, भिंतीला एक खिळा.

"अरे," ते म्हणाले, "तुझं ते मोकळं घर..."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "दादा, मोकळं नाही, रिकामं आहे. मला पॅकेज नाही. नुसता पगार आहे. आणि पोटालाही काही झालेलं नाही, सूप स्वस्त होईल असं वाटलं होतं."

दोन वर्षं झाकलेली मूठ उघडायला चार सेकंद लागले. मान खाली घालून मी पुढच्या शब्दाची वाट पाहत राहिलो.

वहिनी म्हणाल्या, "आमच्याकडं चौदा खुर्च्या आहेत. प्रत्येकीच्या बुडाला कंपनीचा नंबर चिकटवलाय. दर सहा महिन्यांनी माणूस येऊन मोजतो. आणली असती हो एखादी, पण घराबाहेर काढता येत नाही." मग त्यांनी चपला काढल्या, ट्रंकेशेजारी फरशीवर मांडी घातली आणि म्हणाल्या, "किती दिवसांनी अशी बसले!" दादांना बादली पालथी घालून दिली. बाकीची जोडपी जिन्याच्या पायऱ्यांवर बसली. कोटासकट बादलीवर बसलेले दादा आजवर दिसले त्याहून जास्त खुशीत दिसत होते.

जेवण सुरू होणार एवढ्यात सगळ्यांच्या माना दाराकडं वळल्या. दारात खिडकी क्रमांक सहामधल्या मॅडम. एका हातात फाइल, दुसऱ्या हातात घडीचं स्टूल. सार्वजनिक कार्यक्रमाची तपासणी.

"विषय, परस्पर परिचय," त्यांनी वाचलं. "परिचय झाल्याची खात्री करावी लागते. नाही झाला तर परवानगीचा गैरवापर." त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि चाकांच्या खुर्चीवरच्या माणसाला विचारलं, "तुमच्या डावीकडं कोण बसलंय?"

त्यानं डावीकडं पाहिलं. "पाचव्या मजल्यावरच्या... असाव्यात."

"नाव? काम?"

त्यानं बाईंकडं पाहिलं. बाईंनी त्याच्याकडं पाहिलं. अकरा वर्षं ते एकाच लिफ्टमधून वर-खाली करत होते. केअरटेकरला सगळ्यांचे घर नंबर माहीत होते, पण माणसं नाहीत. मॅडमनी पेनचं टोपण काढलं. मी बसवाल्याकडं पाहिलं. त्याच्याकडं या प्रसंगासाठी मेहुणा नव्हता.

तेवढ्यात हातात भाताचा झारा घेऊन माझी बायको पुढं आली. तिची इथली भाषा मोडकी. क्रियापदं ती वाटेल तिथं ठेवते. पण तिनं झाऱ्यानं दाखवत डावीकडून सुरुवात केली.

"या पाचव्या मजल्यावर. इस्पितळात रात्रपाळी. सकाळी झोपतात, म्हणून वरच्यांनी सकाळी ड्रिल चालवायचं नाही. हे वरचे, सुतार. ड्रिल यांचंच. हे सातव्या मजल्यावर, चष्मे बनवतात, बायकोला दिवस गेलेत म्हणून ती खुर्ची उशीवाली. ही दोघं भाऊ, बेकरीत, पहाटे तीनला उठतात. या गणित शिकवायच्या, गुडघा दुखतो, पण बोलत नाहीत..."

सत्तावीसच्या सत्तावीस. नावानिशी, कामानिशी, दुखण्याखुपण्यानिशी. मध्ये एखादा शब्द अडला की ठकी पुरवी. ज्यांची ओळख होई ती माणसं उभी राहून शेजारच्याला मान लववत. सुतार रात्रपाळीवाल्या बाईंना म्हणाला, "मला माहीतच नव्हतं हो." मी भिंतीला टेकून ऐकत होतो. 'एकही माणूस मला ओळखत नाही' म्हणणारी बाई पातेली मागता मागता अख्खी इमारत ओळखून आली होती, आणि मी तेवढ्या वेळात बैठकीचा नकाशा काढत होतो. माझा ऊर भरून आला, हे मी मोकळेपणानं कबूल करतो.

शेवटी बायको मॅडमपाशी थांबली. "आणि या... तुमचं नाव राहिलं."

मॅडमनी नाव सांगितलं. मग फाइल मिटून स्टूल उघडलं आणि बसल्या. "जास्तीचं पान आहे ना?" त्यांनी मला विचारलं.

"आहे की," मी म्हणालो. इतक्या रुबाबात मी या देशात एकही वाक्य बोललो नव्हतो. मीही त्या दिवशी तीनदा भात घेतला. दादा बादलीवरून ओरडले, "पोट सुधारलं बरं का याचं!"

नऊच्या सुमारास मंडळी ताटल्या घेऊन आणि गप्पा मारत गेली. सकाळी पाहतो तो घरात आणि दाराबाहेर नऊ खुर्च्या. एकीसारखी दुसरी नाही. त्यात ती चाकांची, आणि वहीसकट गणितआजींची. मी ती उचलून दुसऱ्या मजल्यावर नेली तर आजींनी दार अर्धंच उघडलं. "राहू दे तिथंच. पुढच्या वेळी पुन्हा कोण दोन जिने चढवणार?" बेकरीवाल्या भावांचंही तेच म्हणणं, सुताराचंही. उलट त्यानं आजींच्या खुर्चीचा पाय नीट करून द्यायचं कबूल केलं.

बायको खोलीच्या मध्ये उभी राहून खुर्च्या मोजत होती. आमच्या तीन आणि या नऊ. "बारा," ती म्हणाली. मी शहाणा, काहीही बोललो नाही. यातली एकही सुटकेसमध्ये मावणारी नव्हती, आणि ती 'जाताना काय करायचं' म्हणेल म्हणून मी श्वास धरून होतो. ती म्हणालीच नाही. सोमवारी ठकीच्या दप्तरात वह्यांच्या वर शाळेचा फॉर्म होता. भरलेला, सही केलेला. मी तो दोनदा वाचला आणि जसा होता तसा परत ठेवला.

संध्याकाळी केअरटेकर आला. आत येऊन चाकांच्या खुर्चीवर बसला, एक चक्कर मारली आणि मग कामाचं बोलला. एका घरात दहाच्या वर खुर्च्या कायमच्या ठेवायच्या तर नोंदणी करावी लागते. त्यानं येतानाच फॉर्म आणला होता. मी पेन काढलं. नाव लिहिलं, मजला लिहिला. पुढचा रकाना आला: किती खुर्च्या? मी ठसठशीत अक्षरात बारा लिहिणार, तोच स्वयंपाकघरातून आवाज आला.

"सोळा लिही."